चाकांवरचं रंधा मशीन: नऱ्ह्यातल्या एका शेडमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या नऱ्हे भागात दोन भावांची फर्निचरची शेड आहे. थोरला गिऱ्हाईक, माल आणि हिशेब बघतो. धाकटा आणि एक मुरलेले मिस्त्री प्रत्यक्ष काम करतात. काम बहुतेक सागवानाचं: जेवणाची टेबलं, दिवाण, पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांतून काढलेली बाकं. नावं आणि नेमका पत्ता मुद्दाम दिलेला नाही. मापं आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळची एक जुनी कार्यशाळा बंद झाली, तेव्हा या दोघांनी तिथून दोन यंत्रं उचलली. एक १२ इंची रंधा मशीन, म्हणजे सरफेस प्लेनर, आणि दुसरा २४ इंची बँडसॉ. दोन्ही इंग्लंडमध्ये बनलेली, १९५० च्या आसपासची. लेस्टरची वाडकिन किंवा रॉचडेलची रॉबिन्सन अशा कंपन्या ज्या धाटणीची यंत्रं बनवत, त्याच धाटणीची. बुडापासून टेबलापर्यंत सगळं बीड. रंधा मशीनचं वजन टेम्पोसकट वजनकाट्यावर करून घेतलं होतं, ते मोटरसह साधारण ४२० किलो भरलं. ती पावती जपून ठेवल्याबद्दल थोरल्याचे आभार मानायला हवेत, कारण पुढची सगळी आकडेमोड तिच्यावर उभी राहिली.

रंधा मशीनला आधीच्या मालकाने बिडाची चार चाकं लावलेली होती. तीन इंच व्यासाची, बुडाच्या पायातल्या आट्यांमध्ये दांडा पिळून बसवलेली. एकाचा चाक धरणारा चिमटा तुटला होता, एक गंजून जाम झालं होतं. थोरल्याने चारही चाकं भंगारात दिली आणि जवळच्या फॅब्रिकेटरला सांगून नवी लावून घेतली. मला बोलावणं आलं ते त्यानंतर काही महिन्यांनी, आणि तेही चाकांसाठी नव्हे. तक्रार होती पात्यांची.

अडचण

"पाती कितीही नीट बसवली तरी जोड उघडा राहतो," असं धाकट्याचं म्हणणं. दोन फळ्यांच्या कडा रंधून एकमेकींना लावल्या की मध्ये किंवा टोकाला उजेड दिसायचा. गंमत म्हणजे हे रोज होत नव्हतं. एखाद्या दिवशी जोड असा बसायचा की सरस लावायच्या आधीच फळ्या एकसंध वाटाव्यात. दुसऱ्या दिवशी त्याच पात्यांवर, त्याच लाकडात फट.

मिस्त्रींनी तोपर्यंत एक गोष्ट हेरली होती. "दादा, मशीन भिंतीला असतं तेव्हा बरं चालतं. मध्ये ओढलं की बिघडतं." थोरल्याने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. यंत्र तेच, पाती तीच, मग जागेने काय फरक पडणार?

पडतो, आणि का पडतो ते सांगायला थोडी जागा लागेल.

रंधा मशीनला दोन टेबलं असतात. लाकूड जिथून सारतो ते पुढचं, आणि रंधलेलं लाकूड ज्याच्यावर जातं ते मागचं. दोन्ही एकमेकांशी अगदी समांतर असली तरच कड सरळ निघते. टेबलं उतरत्या खाचांवर बसलेली असतात आणि त्या खाचा बुडाच्या ओतीवात असतात. म्हणजे बूड पिळलं की टेबलंही पिळतात. आता बीड म्हटलं की आपल्याला वाटतं, हे काय वाकणार. पण या मशीनचं बूड म्हणजे खालून उघडी असलेली पोकळ पेटी आहे. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका दोन कोपऱ्यांना धरून पिळून बघा, तसाच प्रकार, फक्त फार थोड्या मापात. सुताराच्या कामाला तेवढं थोडं माप पुरतं.

शेडची जमीनही एकसारखी नाही. भिंतीकडच्या पट्ट्यात जुनी शहाबादी फरशी आहे, मध्ये कोबा आहे, आणि पावसाळ्यात धुऊन काढता यावं म्हणून कोब्याला नालीकडे उतार दिलेला. चार चाकांवरचं ताठ यंत्र अशा जमिनीवर तीन चाकांवरच नीट टेकतं. चौथं चाक एक तर अधांतरी राहतं किंवा यंत्राच्या वजनाने बूड पिळून कसंबसं जमिनीला लागतं.

तपासणी

पात्यांना हात न लावता आधी टेबलं मोजायची, एवढं मी पहिल्यांदा ठरवलं. पाती हलवली असती तर नंतर दोष कशाचा होता हे कळायला मार्गच उरला नसता.

मशीन भिंतीपाशी असताना दोन्ही टेबलं एका पातळीत आणली. मागच्या टेबलावर स्टीलची सरळपट्टी ठेवून तिचं टोक पुढच्या टेबलाच्या शेवटापर्यंत नेलं आणि फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, खालची फट मोजली. माणूस उभा राहतो त्या बाजूला ०.०५ मि.मी., गाइडच्या, म्हणजे लाकूड टेकवून सारायच्या उभ्या पट्टीच्या बाजूला ०.१० मि.मी. सत्तरीतल्या यंत्राला हे उत्तम. मग काहीही न बदलता मशीन शेडच्या मध्ये ओढलं आणि तेच माप पुन्हा घेतलं. माणसाच्या बाजूला ०.०५ तसंच, गाइडच्या बाजूला ०.४०. टेबलांना पीळ पडला होता.

खरा निकाल त्यापुढच्या चाचणीने लागला. चार चाकांपैकी एक हाताने फिरवता येईल इतकं हलकं होतं. पहारेने तो कोपरा जरासा उचलून त्या चाकाखाली पत्र्याचा तुकडा सरकवला. गाइडच्या बाजूची फट ०.४० वरून ०.१० च्या जवळ आली. मिस्त्रींनी लगेच एक कड रंधून पाहिली. जोड बंद.

पहारेने यंत्र उचललेलं असतानाच खालचं काम दिसलं, आणि ते काही बरं नव्हतं. दोन गोष्टी होत्या.

पहिली आट्यांची. जुन्या चाकांचे दांडे चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचे होते आणि आटे व्हिटवर्थचे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडात ठरवून दिलेल्या या मापात अर्ध्या इंचाच्या बोल्टला दर इंचात १२ आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं आली. आज दुकानात सहज मिळतो तो १२ मि.मी.चा बोल्ट, त्याच्या दोन आट्यांतलं अंतर १.७५ मि.मी. आणि कोन ६० अंश. व्हिटवर्थच्या अर्ध्या इंचात तेच अंतर २.१ मि.मी.च्या थोडं वर. १२ मि.मी.चा बोल्ट त्या भोकात दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. फॅब्रिकेटरने तिथे लांब दांड्याचा पाना लावला होता. बीड असं पिळवटून घेत नाही, त्याचा भुगा होतो. दोन भोकांतले आटे अर्धेअधिक गेले होते.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. बोल्ट सैल वाटतात म्हणून चाकांच्या प्लेटा एका टोकाला बुडाच्या पायांना वेल्डिंगने टाचल्या होत्या, साध्या रॉडने. बिडाला साधं वेल्डिंग केलं की टाक्याशेजारचा भाग थंड होताना कडक आणि ठिसूळ होतो आणि टाक्याला लागूनच तडा जातो. इथेही एका पायाला नखाने जाणवेल असा तडा गेला होता. वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा कुठे लावला होता हे मी विचारलं तेव्हा कोणालाच आठवेना. तो कटर ब्लॉकला, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या रोळाला लावला असेल तर करंट त्याच्या बेअरिंगांमधून गेलेला असणार आणि गोळ्यांच्या मार्गावर बारीक डाग पडलेले असणार. सुदैवाने बेअरिंगांचा आवाज स्वच्छ होता.

विचारात घेतलेले पर्याय

धाकट्याची पहिली मागणी साधी होती: "काका, चांगली, महागातली चाकं सांगा, तीच लावून टाकू." चाकांच्या दर्जाने हा प्रश्न सुटणार नव्हता. उलट चाक जितकं पक्कं, तितका जमिनीचा पीळ थेट बुडात जाणार. म्हणून मी त्यांना वेगळा प्रश्न विचारला. हे यंत्र महिन्यात किती वेळ चालत असतं आणि किती वेळ एका जागी उभं असतं? हलवण्याचं काम आठवड्यातून एखाद्या वेळी, लांब तुळई रंधायची असली तरच, आणि तेही पाच मिनिटांचं. बाकी सगळा वेळ ते उभं असतं. म्हणजे निवड करताना आधी यंत्र उभं कसं राहील ते पाहायचं, मग ते सरकेल कसं ते.

त्यानंतर पर्याय एकेक करून समोर ठेवले.

चाकं काढून टाकणं आणि मशीन जमिनीला बोल्टने जखडणं हा सगळ्यात शुद्ध मार्ग. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनातही तोच असणार. पण शेडची रुंदी बेताची आहे. आठ फुटी फळी रंधायला पुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळे लागतात, आणि तेवढी मोकळी रांग शेडमध्ये कायम ठेवली तर जुळणीची जागा जाते. थोरल्याने हा पर्याय तिथेच संपवला.

हँड पॅलेट ट्रक घेऊन गरजेपुरतं हलवणं. हा मला मनापासून आवडला होता. खाली ठोकळे द्यायचे, ट्रकचे दात आत घालायचे, उचलायचं, न्यायचं, ठेवायचं. ट्रकचे दात पूर्ण खाली केले तरी साधारण ८५ मि.मी. उंच राहतात, म्हणजे मशीन कायमचं तेवढं उंचावलं असतं. टेबलाची उंची आधीच ८२५ मि.मी. होती. मिस्त्री ठेंगणे आहेत. ९०० च्या वर गेलं की खांद्यातून जोर लावावा लागतो, हाताखाली लाकूड दबत नाही. नको.

लेव्हलिंग कॅस्टर, म्हणजे चाकाच्या पोटातच खाली-वर होणारा पाय असलेले. धाकट्याने फोनवर चित्रं दाखवली, दिसायला फार सुबक. पण त्यांची चाकं लहान आणि कडक असतात, बहुतेक नायलॉनची, ५०-६० मि.मी.च्या घरातली. सपाट, गुळगुळीत जमिनीवर ती छान. शहाबादीच्या सांध्यात ४२० किलोचं यंत्र अशा चाकावर अडलं की ओढणारा माणूस जोर लावतो आणि मग झटका बसतो. यावर आमचं एकमत झालं नाही. धाकट्याला अजूनही वाटतं की ते चाललं असतं.

ब्रेकवाली चार फिरती चाकं लावणं. बाजारात हेच सगळ्यात जास्त खपतं. यात दोन अडचणी. साधा ब्रेक फक्त चाकाचं गरगरणं थांबवतो, चिमटा आपल्या उभ्या खिळीभोवती फिरतच राहतो. चाक खिळीच्या मागे तीन-चार सेंटीमीटर असतं, त्यामुळे ब्रेक दाबलेला असूनही यंत्र तेवढ्या घेरात डुलतं. दोन्ही गोष्टी जखडणारे ब्रेक मिळतात, पण पीळ त्यांनीही जात नाही. शिवाय कोब्याला उतार आहे. चारही चाकं फिरती असली की ओढताना यंत्र नालीकडे तिरकं जायला लागतं आणि सरळ ठेवायला दोन माणसं जास्त लागतात.

शेवटचा पर्याय, जो निवडला: यंत्राखाली स्वतंत्र चौकट, चौकटीला चाकं फक्त हलवण्यापुरती, आणि उभं राहण्यासाठी स्क्रूने खाली उतरणारे पाय. पाय उतरले की चाकं हवेत.

निर्णय कुठे अडले

पाय किती असावेत यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि माझ्या मते जायलाच हवा होता.

चार पाय दिले तर प्रत्येक नव्या जागी पाणसळ लावून चारही जुळवावे लागतात. मिस्त्री घाईत असले की ते होणार नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. तीन पाय कुठल्याही वेड्यावाकड्या जमिनीवर आपोआप टेकतात आणि जमिनीचा पीळ वर चढतच नाही. किंमत मोजावी लागते ती तोलाची: तिकाटण्याच्या रेषेबाहेर भार गेला की कलण्याची भीती. रंधा मशीनचं वजन खाली असतं म्हणून हा धोका इथे लहान आहे, पण शून्य नाही.

दोन पाय कुठल्या टोकाला द्यायचे? माझा कल पुढच्या टेबलाकडे होता, कारण माणूस तिकडे उभा राहून दाब देतो. मिस्त्रींनी वेगळं पाहिलं होतं. जड तुळई बाहेर पडायला लागली की तिचं लटकतं वजन मागच्या टोकावर येतं, आणि ते तिला धरायला तिकडेच धावतात, कधी टेबलावर रेलतातही. त्यांचं बरोबर होतं. दोन पाय मागच्या टोकाला गेले, एक पुढच्या टोकाच्या मध्यावर. त्या टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांना आणखी दोन राखीव स्क्रू दिले, जमिनीपासून दोनेक मि.मी. वर थांबवलेले. नेहमी ते कशालाच टेकत नाहीत. यंत्र कललंच तर तेवढ्यावर अडतं.

भाराचा हिशेब इथे बदलतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वजन साधारण मध्यावर धरलं तर मागचे दोन पाय १०५ किलोच्या आसपास पेलतात आणि पुढचा एकटा २१०. म्हणून पुढच्या पायाखाली १० मि.मी. जाडीची १०० मि.मी. चौरस लोखंडी प्लेट दिली. कोबा जुना आहे, एका बिंदूवर दाब आला की टवका उडतो.

चाकांचा हिशेब वेगळा. चार चाकं म्हणून ४२० ला चाराने भागायचं नाही. चौथं चाक अधांतरी राहतं म्हणून तिनाने भागायची रीत आहे, ती १४० किलो देते. ताठ यंत्र सांध्यावरून जाताना क्षणभर समोरासमोरच्या दोनच चाकांवरही येतं, तेव्हा २१०. चाकं २५० किलो क्षमतेची घेतली. व्यास १०० मि.मी., बिडाच्या गाभ्यावर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर, बॉल बेअरिंग. दोन सरळ, दोन फिरती. बिडाची उघडी चाकं शहाबादीचे कोपरे फोडतात, नायलॉनची कचावर खडखडतात, आणि रबराची कायम भाराखाली चपटी होतात. पीयूलाही एका जागी दबून राहिलं की चपटेपणा येतो, पण इथे पाय उतरल्यावर चाकं मोकळी असतात, म्हणून तो मुद्दा उरला नाही. पीयूत स्वस्त माल घेऊ नये. काही प्रकारचं पीयू दमट हवेत वर्षांनी चिकट होऊन सोलपटतं.

आणि बँडसॉ? त्यालाही चाकं हवी होती. मी नाही म्हटलं आणि त्यावर फार चर्चा होऊ दिली नाही. २४ इंची बिडाचं वरचं चाक माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर फिरतं, बूड त्या मानाने अरुंद. असं यंत्र फरशीच्या सांध्यात अडलं आणि वरून कोणी ढकललं तर ते सरकत नाही, आडवं होतं. तो आज भिंतीशी बोल्टने जखडलेला आहे.

प्रत्यक्ष काम

चौकट ७५ मि.मी.च्या चॅनलची केली. चाकं चौकटीखाली दिली असती तर मशीन चाकाच्या पूर्ण उंचीने, म्हणजे तेरा-चौदा सेंटीमीटरने वर गेलं असतं. त्याऐवजी चारही कोपऱ्यांना बाहेर आलेले हात काढून चाकं त्यांच्याखाली घेतली, आणि चॅनल आडवा, जमिनीपासून २५ मि.मी. वर ठेवला. मशीनचं बूड चॅनलच्या मधल्या प्लेटांवर बसतं. टेबलाची उंची ८२५ वरून ८६० झाली. मिस्त्रींनी मान डोलावली.

वेल्डिंग नव्या चौकटीचंच, यंत्रापासून दूर, आणि चाकं बोल्टने. पीयूच्या चाकाशेजारी वेल्डिंग केलं की बेअरिंगमधलं ग्रीस वितळतं आणि थर सुटतो. या वेळचा फॅब्रिकेटर दुसरा होता. पण एका बाजूचे सगळे टाके सलग मारल्यामुळे चौकट थंड होताना पिळली, सपाट जमिनीवर एक कोपरा चारेक मि.मी. वर. इथे मोठी चूक होण्याची संधी होती. अशा चौकटीवर मशीन ठेवून बोल्ट आवळले की चौकटीचा पीळ बुडात. जमिनीपासून सुटका करून घ्यायची आणि चौकटीच्या हाती सापडायचं. म्हणून बूड ठेवल्यावर आवळायच्या आधी प्रत्येक टेकणीची फट फीलरने पाहिली आणि पत्र्याच्या पट्ट्यांनी भरली. आवळताना सरळपट्टी टेबलावरच होती. एकेक बोल्ट थोडा थोडा, आळीपाळीने.

मशीन उचललं ते पहार आणि सागवानी ठोकळ्यांनी, एका वेळी एक टोक, बोटभर. धाकट्याला शेडच्या कैचीला चेन पुली टांगायची होती. ती कैची पत्रे पेलायला केलेली आहे, अर्धा टन नव्हे. आणि पहार फक्त बुडाखाली. टेबलाच्या टोकाला पहार लावली तर उतरत्या खाचांवरच्या पट्ट्या दबतात आणि तो बिघाड शोधायला आठवडे जातात.

खराब झालेल्या भोकांत नवे आटे पाडायचे का, हाही प्रश्न आला. १६ मि.मी.चा टॅप चालला असता, पण पायाची कड अरुंद होती आणि शेजारीच तडा. जी दोन भोकं शाबूत होती त्यांना बोहरी आळीच्या बाजारातून चार सुती व्हिटवर्थ बोल्ट मिळाले, आट्यांचं अंतर तपासायचा पिच गेज लावून पाहूनच घेतले. बाकी दोन पायांना भोकात काहीच घातलं नाही. वरून पट्टीचे क्लॅम्प देऊन पाय चौकटीवर दाबले. उद्या कोणाला हे यंत्र मूळ रूपात हवं झालं तर चौकट सुटते आणि बिडाला एकही नवं भोक नाही. जुन्या यंत्राच्या बाबतीत मला हे महत्त्वाचं वाटतं.

तड्याच्या टोकाला ३ मि.मी.चं बारीक भोक पाडलं म्हणजे तो पुढे धावत नाही, आणि टाचलेले टाके ग्राइंडरने हळूहळू काढले. बिडाला भोक पाडताना तेल लागत नाही, कोरडंच पाडायचं. त्या पायावर क्लॅम्पचा दाब सगळ्यात कमी ठेवला.

पाय २० मि.मी.च्या बोल्टचे. एका फेऱ्यात अडीच मि.मी. उतरतात. पाय जमिनीला टेकल्यापासून एक पूर्ण फेरा आणि थोडं, की चाकं सुटतात. डोक्याला सगळीकडे एकाच मापाचा षट्कोन ठेवला, म्हणजे एकच पाना पुरतो. तो पाना साखळीने चौकटीलाच बांधला, नाहीतर शेडमध्ये पाना संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

विजेचं काम थोडक्यात. अशी यंत्रं मुळात जमिनीला जखडलेली असायची, हे मात्र जागा बदलतं. अर्थची तार ही आता सोय नाही, जीव आहे. थ्री फेजच्या तारा दर वेळी सोडून जोडण्याऐवजी अर्थसह औद्योगिक प्लग-सॉकेट दोन ठिकाणी बसवले. दोन्ही सॉकेटांचा फेजचा क्रम सारखा आहे हे मोटर क्षणभर फिरवून पाहिलं. क्रम उलटा झाला की कटर ब्लॉक उलटा फिरतो.

निकाल

चौकट बसल्यावर तीन जागी माप घेतलं: भिंतीपाशी, मध्ये, आणि नालीजवळच्या उतारावर. गाइडच्या बाजूची फट ०.१० ते ०.१५ मि.मी.च्या दरम्यान राहिली. पूर्वी ती ०.४० पर्यंत जात होती. जोडांची तक्रार थांबली. पाती तीच आहेत.

एक माणूस मशीन ओढू शकतो, पण नालीकडच्या उतारावर दोघेच हवेत असा नियम थोरल्याने केला आहे. लोखंड, चाकं, बोल्ट, मजुरी धरून खर्च दहा हजारांच्या आत राहिला. प्लग-सॉकेट वेगळे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्या काही आठवड्यांत पाय उतरवायचा कंटाळा केला जायचा. छोटं काम आहे, चाकांवरच उरकू, असं. मग धाकट्याने एक उपाय केला जो मला सुचला नव्हता: मोटरच्या स्टार्टरचं हँडल अशा ठिकाणी वळवलं की तिथे पोहोचण्याच्या वाटेवर पुढचा पाय येतो. उभं राहायला तिथेच थांबावं लागतं आणि पाना समोर लटकत असतो. कंटाळा बराच कमी झाला.

रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या लांब ढलप्या फिरत्या चाकांच्या अक्षाला गुंडाळल्या जातात. खिळीच्या बेअरिंगात ग्रीस भरलं की त्यात भुसा बसून त्याची खळ होते, म्हणून तिथे आता कोरडं ग्राफाइट.

वेगळं काय करता आलं असतं

बिडाची मूळ चाकं भंगारात जायला नको होती. तुटलेला चिमटा नव्याने करून मिळाला असता, चाकं लेथवर धरून भोकं सारखी करता आली असती. यंत्राच्या उभं राहण्याचा प्रश्न त्यांनी सुटला नसता, पण चौकटीवर तीच चाकं बसली असती आणि आधीच्या मालकाची खूण राहिली असती.

तपासणी खरेदीच्या दिवशीच व्हायला हवी होती. भवानी पेठेत यंत्र जागेवर उभं असताना सरळपट्टी आणि फीलर घेऊन दोन मापं लिहून ठेवली असती, तर नऱ्ह्यात आल्यावर बिघाड यंत्राचा की जमिनीचा हे लगेच कळलं असतं. पात्यांवर गेलेले महिने वाचले असते.

चौकटीचं वेल्डिंग आळीपाळीने, समोरासमोरच्या कोपऱ्यांत मारून घेतलं असतं तर पट्ट्या भरण्याचं काम अर्ध्यावर आलं असतं. हे आधी सांगायची गरज नाही इतका दुसरा फॅब्रिकेटर अनुभवी आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

आणि थोरला आता विचारतो तो प्रश्न: यंत्र खरोखर दोनच जागी उभं राहतं, तर चाकं हवीच होती का? त्या दोन जागा आता रंगाने आखल्या आहेत आणि पाय किती फेरे उतरवायचे तेही तिथेच लिहिलंय. शेड आत्ताच्या दीडपट असती तर मी मशीन जमिनीलाच जखडायला सांगितलं असतं. नव्या शेडची त्यांची बोलणी चालू आहेत. तोपर्यंत तड्याच्या टोकावरच्या भोकाभोवती रंगीत खडूने एक रेघ आणि तारीख आहे. मिस्त्री दर महिन्याला तिथे नख फिरवतात. रेघेच्या पुढे तडा गेलेला नाही.